नाकमास्तरांचा मुतखडा

नाकमास्तरांना माणसांचा वीट आला होता, आणि तो काही काल-परवा आलेला नव्हता. पस्तीस वर्षं लाँड्री चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय येणार? लोक इस्त्रीचे कपडे घालून ऐटीत हिंडतात. तेच कपडे गाठोड्यातून दुकानात येतात तेव्हा कसे येतात, ते मास्तरांना विचारा. काखेत पिवळे, कॉलरला काळे, बाहीला शेंबूड. हो, शेंबूड! बँकेतल्या साहेबाच्या बाहीला! मास्तर तो शर्ट दोन बोटांत धरून वर उचलायचे आणि म्हणायचे, "शी! आणि हा माणूस लोकांशी हात मिळवतो."

डाग दिसला की तो नाकाशी न्यायचा, ही त्यांची कामाची रीत. रक्ताला गार पाणी लागतं, तेलाला पावडर, शाईला स्पिरिट; चुकीचं औषध पडलं की डाग जन्माचा बसला. दुसरे लाँड्रीवाले गिऱ्हाइकाला विचारतात, कशाचा डाग म्हणून. मास्तर विचारत नसत. "गिऱ्हाईक म्हणणार, चहा सांडला. चहा कसला डोंबलाचा! ओकलाय तो." एकदा हुंगलं की त्यांना कळायचं, आणि ते चुकायचे नाहीत. म्हणून तर गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं होतं. कोणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, कोणाचा म्हातारा अंथरुणात करतो, कोणाची मुलगी चोरून सिगारेट ओढते, सगळं आधी मास्तरांना कळायचं आणि दुपारपर्यंत समोरच्या सलूनवाल्याला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ना, त्यातली गत. मास्तरांना त्यात काही गैर वाटत नसे. करणाऱ्याला लाज नाही, मग सांगणाऱ्याने का लाजायचं, असा त्यांचा हिशेब होता.

साठी उलटली तेव्हा बायकोने साखर तपासायला म्हणून त्यांना ओढत लॅबमध्ये नेलं. तिथे कोणीतरी 'साठीचं पॅकेज' गळ्यात मारलं. साखर निघाली ठणठणीत, पण भलताच एक आकडा वर आला. प्रोस्टेटचा. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, सगळ्याच पुरुषांना असते, जरा बघून घेऊ. मग त्यांनी हातमोजा चढवला. पुढचं मास्तरांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेले मास्तर भिंतीवरचे पोपडे मोजत होते आणि मनात डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तेवढ्यावर भागलं नाही. आठवड्याने त्याच वाटेने बारा सुया घालून बारा तुकडे काढले. त्यातल्या तिनात कॅन्सर निघाला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "अगदी पहिली पायरी आहे. ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही. ऑपरेशन करता येईल, किरणं देता येतील, नाहीतर काही न करता दर तीन महिन्यांनी नजर ठेवू. तिन्ही रस्ते बरोबर आहेत. घरी जा, विचार करा."

"विचार कसला?" मास्तर म्हणाले. "ओला आहे तोवर काढून टाका. वाळला की बसतो."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. बायकोला उमगलं, आणि तिने कपाळाला हात लावला.

ऑपरेशन दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात करायचं, हे मास्तरांनीच ठरवलं. गल्लीत कोणाला कळता कामा नये. कॅन्सर म्हटलं तर लोक एक वेळ हळहळतील. पण कुठला म्हटलं की सलूनवाला मान वाकडी करून हसणार, आणि मग खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, आपण सांगायचो तसंच. खाई त्याला खवखवे. मास्तरांनी बायकोला शपथ घातली. "मुतखडा आहे म्हणायचं. मशीनने फोडायचाय. धाकट्यालाही हेच सांगायचं."

धाकटा म्हणजे त्यांचा सहा वर्षांनी लहान भाऊ. बसवर ड्रायव्हर. मास्तरांना साऱ्या जगात ज्याची किळस येत नव्हती असा एकुलता एक माणूस. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्याचं ढुंगण धुण्यापासून सगळं मास्तरांनीच केलं होतं. मुतखडा म्हटल्यावर तो रजा टाकून बरोबर यायला निघाला. "रजा काय झाडाला लागतात?" म्हणून मास्तरांनी त्याला झिडकारलं. तो मागे राहिला. दादाने म्हटलं म्हणजे संपलं, असा त्याचा स्वभाव.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण नीट म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दहा दिवस नळी. नळीच्या टोकाला पिशवी, पिशवीत गुलाबी पाणी, आणि ती पिशवी हातात धरून कॉरिडॉरमध्ये चालायचं. समोरून तशाच पिशव्या घेऊन आणखी चार म्हातारे येत, आणि एकमेकांच्या पिशवीत डोकावून "तुमचं साफ दिसतंय हो," म्हणून कौतुक करत. मास्तरांना शिसारी यायची. आणि चादरी! इस्पितळाच्या चादरी तर त्यांना बघवत नसत. कोपऱ्यात जुना डाग तसाच, वर निळीचा हात मारलेला. त्यांनी नर्सला बोलावून सांगितलं की हे रक्त गरम पाण्यात घातलंय, कुठल्या गाढवाने धुतलंय? ती म्हणाली, "आजोबा, पडून राहा."

नळी निघाली आणि खरी नरकाची दारं उघडली. उठलं की थेंब, खोकलं की थेंब, इस्त्री उचलली की चांगली धार. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने असं होतं, व्यायाम करा, हळूहळू आवरेल. हळूहळू! मास्तर दिवसाला चार पॅड बदलायचे. पॅड आणायला तीन स्टॉप पलीकडच्या औषधाच्या दुकानात जायचे, आणि तिथेही "म्हातारीसाठी हवीत," म्हणायचे. वापरलेलं पॅड कागदात, कागद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, तरी त्यांना वास यायचा. साऱ्या गल्लीचा वास ओळखणारं नाक आता चोवीस तास स्वतःवर रोखलेलं. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते दोन पावलं मागे सरायचे. अंथरुणातलं तर काही विचारूच नका. तिथला खेळ आटोपला होता. बायको म्हणाली, "मला काय त्याचं? तुम्ही आहात ना?" तर मास्तर तिच्यावर खेकसले. कोणी दया दाखवली की त्यांना ओकारी यायची.

भेटायला येणाऱ्यांचा वेगळाच जाच. सलूनवाला पहिल्याच दिवशी हजर. "खडा केवढा होता हो? दाखवा की! आमच्या मेव्हण्याने बाटलीत ठेवलाय." आता काय दाखवणार, कपाळ! पण मास्तरांनी मात केली. लाँड्रीच्या बॉयलरच्या तळाशी पाण्याचा क्षार धरतो, खरवडला की पांढरट खडे निघतात. त्यातला एक टोकदार बघून त्यांनी औषधाच्या बाटलीत घातला आणि काउंटरवर ठेवला. अख्खी गल्ली तो बघून गेली. "बाप रे, एवढा?" मास्तर म्हणायचे, "मग? उगीच नाही ओरडत होतो."

धाकट्यानेही तो हातात घेऊन बघितला. "दादा, म्हणजे आपल्या घराण्यातच आहे म्हण की हे. मलाही हल्ली धार नीट लागत नाही. गाडीवर दाबून धरावं लागतं ना. पाणी वाढवतो आता." त्या दिवसापासून तो दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन गाडीवर जाऊ लागला. खरं सांगून टाकावं, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं. पण बाटली काउंटरवर, सलूनवाला दारात. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी बाटली पुसून जागेवर ठेवली.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. आकडा जवळजवळ शून्य. डॉक्टर खूश होते. "सुटलात. वेळेवर आलात म्हणून. आता दर सहा महिन्यांनी नुसतं रक्त द्या." मग चष्मा काढून म्हणाले, "भाऊ आहेत का तुम्हाला? त्यांना तपासून घ्यायला सांगा. सख्ख्या भावाला झालेला असला की धोका जवळजवळ दुप्पट होतो. नुसतं रक्त द्यायचंय."

"सांगतो की," मास्तर म्हणाले.

बसमध्ये बायको म्हणाली, "अहो, आजच सांगा." मास्तर म्हणाले, "सांगतो म्हटलं ना." घरी आल्यावर तिने पुन्हा काढलं. "शपथ मोडा. नाहीतर मी सांगते." मास्तरांनी ताट ढकललं. "सांग! जा, सांग! तुझा नवरा चड्डीत मुततो म्हणून दवंडी पीट!" ती रडली, आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणं मास्तरांना तेव्हा शहाणपणाचं वाटलं.

पुढच्याच महिन्यात धाकट्याच्या गणवेशाचं गाठोडं आलं. दर आठवड्याला यायचं, भावाकडून काय पैसे घ्यायचे, म्हणून मास्तर ते स्वतःच्या हाताने धुवायचे. राखाडी पँट. पुढच्या बाजूला, आतून, रुपयाएवढा डाग. मधे फिका, कडेला तपकिरी. मास्तरांनी तो नाकाशी नेला.

लघवी, आणि रक्त. यात शंकाच नव्हती. हाच वास दहा दिवस त्यांच्या स्वतःच्या पिशवीला येत होता.

ते तसेच स्टुलावर बसले. आता गाठोडं बाजूला ठेवायचं, दुकान बंद करायचं, आणि धाकट्याच्या घरी जायचं. पंधरा मिनिटांचा रस्ता. एवढंच करायचं होतं. पण मनाला पळवाट हवी असली की ती भिंतीतूनही सापडते. खड्यानेही रक्त जातंच की, मास्तरांच्या मनात आलं. खडा असेल त्याला. घराण्यातच आहे. ज्या माणसाने ही पुडी स्वतःच्या हाताने बांधून गल्लीत सोडली, त्यानेच ती उचलून तोंडात टाकली! असा गाढव शोधून सापडायचा नाही. मास्तरांनी नळाखाली गार पाणी सोडलं, औषधाचे चार थेंब टाकले, बोटाने चोळलं. डाग गेला. पँट वाळली, इस्त्री झाली, घडी नीट पडली, आणि घरी पोचली.

आणखी तीन महिन्यांनी दुसरी पँट आली. या वेळी डाग तळहाताएवढा होता, आणि हुंगायला नाकाशी न्यायचीही गरज नव्हती. त्यांनी तोही काढला. काढताना स्वतःला सांगत राहिले, की रविवारी जातो, रविवारी नक्की.

तीन रविवार गेले. चौथ्याच्या आधी बायको म्हणाली, "भावजींची पाठ धरलीय. आठ दिवस गाडीवर गेले नाहीत." तेव्हा कुठे मास्तरांचे पाय हलले. वरातीमागून घोडं.

धाकटा सतरंजीवर उताणा पडला होता, कमरेखाली उशी. धाकटी, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले.

"मला खडा नव्हता," ते म्हणाले.

"मग काय, हिरा होता?" धाकटा हसला.

"कॅन्सर होता. प्रोस्टेटचा. काढला."

धाकटा हसायचा थांबला. "चेष्टा करतोस."

मास्तरांनी खिशातून न वापरलेलं पॅड काढलं आणि सतरंजीवर टाकलं. "हे लावून फिरतो. आधी चार लागायची, आता एक लागतं. तीन स्टॉप पलीकडून आणतो. आणखी काय काय सांगू? तू उद्या रक्त दे. सख्ख्या भावाला तपासायला सांगा, म्हणाले होते डॉक्टर."

"कधी म्हणाले होते?"

"मागे," मास्तर म्हणाले.

धाकट्याने पॅड उलटंसुलटं करून बघितलं. मग विचारलं, "आणि तो बाटलीतला खडा?"

"बॉयलरचा."

धाकट्याला हसू फुटलं. इतकं, की पाठीत कळ येऊन तो किंचाळला आणि तरी हसत राहिला. "बॉयलरचा! अरे, मी तो हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं होतं रे, दादा! माझ्या दादाने काय सोसलं म्हणून!" स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता.

धाकट्याचा आकडा आला तो तीन अंकी. मास्तरांचा होता सात. मग हाडांचा फोटो झाला. कमरेत, मणक्यात, बरगडीत काळे ठिपके. तोच डॉक्टर, तीच खोली. या वेळी त्यांनी तीन रस्ते सांगितले नाहीत. "आता ऑपरेशनचा उपयोग नाही. बाहेर पसरलाय. इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत. काही वर्षं चांगली जातात लोकांची." मास्तरांनी विचारलं, सहा महिने आधी आला असता तर? डॉक्टरांनी हाडांचा फोटो पुन्हा उजेडाला धरला. "सांगता येत नाही. तेव्हाही कदाचित पसरलेला असेल. कदाचित नसेल."

धाकटा एक शब्दही वाईट बोलला नाही. बोलला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. उलट घरी येताना मास्तरांना खोकला आला, त्यांनी घाईने मांड्या आवळल्या, तर तो म्हणाला, "थांबूया का, दादा? जायचंय तुला?" मास्तरांना स्वतःची इतकी घाण वाटली, की जगातल्या कोणाचीही कधी तेवढी वाटली नव्हती.

पहिलं इंजेक्शन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घेऊन धाकट्याच्या घरी गेले. धाकटा झोपला होता. दार धाकटीने उघडलं. तिने "या" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले.

"दादा, एक विचारू?" ती म्हणाली. आवाज हळू होता, आत झोपलेल्याची झोपमोड होऊ नये म्हणून. "दोन महिन्यांमागे ह्यांची एक पँट मी मुद्दाम न धुता पाठवली होती. एरवी तसलं काही दिसलं तर मी आधी पाण्यातून काढून देते, तुमच्यापुढे कसं पाठवायचं म्हणून. ह्यांना विचारलं तर म्हणाले, खड्याचं असेल. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर रजा नाही म्हणाले. मग मी म्हटलं, दादांकडे जाऊ दे. दादांना डाग कळतो. काही वावगं असलं तर ते धावत येतील." तिने एकदा आत वळून बघितलं. "पँट स्वच्छ होऊन आली. मी ह्यांना दाखवली. म्हटलं, दादा काही बोलले नाहीत, म्हणजे काही नाही. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी नीट झोपले."

तिला एकच पँट ठाऊक होती. ती दुसरी, तळहाताएवढ्या डागाची. तेवढ्यावर राहिलं असतं, तर म्हणता आलं असतं की गडबडीत नजरेतून सुटलं, वय झालं, नाक गेलं. त्यांना ते सगळं सुचलं. एका क्षणात सुचलं, आणि सुचल्याचीच किळस आली.

"त्याच्या आधी एक आली होती," ते म्हणाले.

"काय?"

"त्याच्या आधी तीन महिने. लहान डाग होता. मी ओळखला होता. दोन्ही ओळखले होते." त्यांनी हातातल्या कपड्यांची घडी सरळ केली. "काढून टाकले."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. लोकांच्या गाठोड्यातला कपडा दोन बोटांत धरून मास्तर जसे बघायचे, तसं कोणीतरी त्यांच्याकडे पहिल्यांदाच बघत होतं. मग तिने हात पुढे केला, इस्त्रीचे कपडे त्यांच्या हातांतून घेतले आणि छातीशी धरले.

"उद्यापासून ह्यांचे कपडे मी घरीच धुवेन," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.